डनिच (टर्नरचे जलरंगचित्र)

इंग्लंडच्या सफक परगण्यातील, समुद्राने गिळलेल्या डनिच या मध्ययुगीन बंदराच्या अखेरच्या खुणांचे जोसेफ मॅलर्ड विल्यम टर्नर (१७७५–१८५१) या चित्रकाराने सुमारे १८३० मध्ये रंगविलेले लहान चित्र. पूर्व किनाऱ्यावरील दृश्यांच्या, पुढे अपुऱ्याच राहिलेल्या मालिकेसाठी ते तयार झाले. पारदर्शक जलरंगाबरोबर त्यात अपारदर्शक रंगही वापरलेला आहे. ते मँचेस्टरच्या कलासंग्रहालयात आहे.

चित्रात गाव जवळजवळ नाहीच. खवळलेल्या लाटांत होडी लोटणारी माणसे पुढे दिसतात आणि मागे कड्यावर ऑल सेंट्स चर्च उभे आहे. अठराव्या शतकाच्या मध्यापासून वापरात नसलेले हे चर्च एके काळी किनाऱ्यापासून बरेच आत होते. टर्नरच्या वेळेपर्यंत मधली वस्ती लाटांनी नेली होती.

डनिचची भरभराट ब्लाइथ आणि डनिच या नद्यांच्या मुखावरील सुरक्षित बंदरामुळे झाली. मात्र झीज जुनीच होती : १०८६ च्या डोम्सडे बुक या जमीन-पाहणीत, पूर्वीच्या दोन माप जमिनीपैकी एक माप जमीन समुद्राने नेल्याची नोंद आहे. येथील कडे वाळू व खडीचे, म्हणजे अत्यंत ठिसूळ असल्याने प्रत्येक मोठ्या वादळात ते ढासळत. तरीही गावाच्या नाशाचे श्रेय केवळ कडे कोसळण्याला देणे अपुरे वाटते. किनाऱ्यालगतच्या प्रवाहाने दक्षिणेकडे वाढत गेलेला गोट्यांचा दांडा १२८६–८७ च्या वादळांनंतर बंदराला अधिकाधिक अडवू लागला, १३२८ च्या वादळाने ते बंद केले आणि ब्लाइथचे मुख उत्तरेकडे सरकले. जहाजे येईनाशी झाल्यावर कड्यांचे रक्षण करण्याइतका पैसा गावात उरला नाही. १३४७ मध्ये सुमारे ४०० घरे वाहून गेली.

विशेष म्हणजे हे चित्र रंगविले गेले तेव्हाही डनिच ब्रिटिश संसदेत दोन प्रतिनिधी पाठवीत होते. तो हक्क १८३२ च्या सुधारणा कायद्याने संपला.

चित्रातील चर्चही १९०४ ते १९१९ या काळात तुकड्यातुकड्यांनी समुद्रात कोसळले. त्यामुळे आज हे चित्र बुडालेल्या बंदराहून अधिक या चर्चचे दस्तऐवज ठरते. त्याच्या भिंतीचा एक आधारस्तंभ मात्र कोसळण्यापूर्वी हलविण्यात आला व तो सेंट जेम्स चर्चच्या आवारात उभा आहे.