बेल ४७ की हिलर ३६०? फोटोखाली नाव टाकण्याआधी वरची दांडी बघा

पुढे काचेचा फुगा, वर दोन पाती, खाली स्किड्स (चाकांऐवजी आडव्या नळ्यांचे पाय), असं जुनं हेलिकॉप्टर दिसलं की लोक डोळे झाकून "बेल ४७" लिहून मोकळे होतात, आणि त्यातली कितीतरी हिलर असतात. सांगून सांगून कंटाळा आला म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय.

बेलचं थोडक्यातच, ते बहुतेकांना पाठ असतं. बेल कंपनीसाठी आर्थर यंगने केलेलं डिझाइन, ८ मार्च १९४६ ला अमेरिकेत नागरी वापराचं सर्टिफिकेट मिळालेलं पहिलं हेलिकॉप्टर, पुढे इटलीत आगुस्ताने आणि जपानात कावासाकीनेही बनवलं. हिलर ३६० ला सर्टिफिकेट मिळालं ऑक्टोबर १९४८ मध्ये, तेव्हा कॅलिफोर्नियाच्या स्टॅन्ली हिलरला चोविसावं वर्षही पूर्ण झालं नव्हतं. इंजिन दोघांचं त्या काळात फ्रँकलिनचंच, १७८ हॉर्सपॉवर. शेपटीवरून ओळखायचं म्हणाल तर बेल ४७ ची उघडी जाळी सगळ्यांना माहीत आहे आणि हिलरची बंद पत्र्याची, पण सुरुवातीच्या बेलची शेपटीही झाकलेली होती, त्यामुळे त्यावर विसंबू नका.

खरी गोची वर आहे. दोघांच्याही मुख्य पात्यांना काटकोनात एक आडवी दांडी फिरते, आणि "ती स्टॅबिलायझर दांडी, दोन्हीकडे सेमच" असं सर्रास लिहिलं जातं. हे साफ चूक आहे.

बेलच्या दांडीच्या टोकांना वजनं असतात. ती फिरत्या भोवऱ्यासारखी आपली पातळी धरून ठेवते. वाऱ्याच्या झोताने हेलिकॉप्टर कललं तरी दांडी लगेच कलत नाही, मास्ट (पाती ज्यावर फिरतात तो उभा दांडा) आणि दांडी यांच्यात कोन पडतो आणि तो कोन लिंकेजमधून (जोडदांड्यांमधून) पात्यांचा पिच, म्हणजे तिरकेपणा, बदलून रोटरला, म्हणजे फिरणाऱ्या पात्यांना, परत जागेवर आणतो. दांडीला डॅम्पर (हालचाल मंदावणारे भाग) असतात, त्यामुळे ती हळूहळू मास्टच्या मागे येते, नाहीतर पायलटला मशीन वळवणं अवघड झालं असतं. आता मुद्द्याचं: पायलट या दांडीला काहीच सांगत नाही. त्याची स्टिक, म्हणजे उजव्या हातातला दांडा, स्वॉशप्लेटमधून (स्टिकची हालचाल फिरत्या पात्यांकडे नेणाऱ्या तबकडीतून) थेट मुख्य पात्यांपर्यंत पोचते, दांडी त्यात फक्त आपली दुरुस्ती मिसळते.

हिलरच्या दांडीच्या टोकांना वजनं नाहीत, छोटी पाती आहेत, पॅडल. पायलटची स्टिक या पॅडलचा पिच बदलते. पॅडल हवेत वर-खाली होतात, त्यांच्यासोबत दांडी कलते आणि दांडी कलली की मुख्य पात्यांचा पिच बदलतो. म्हणजे इथे पायलट पॅडल चालवतो आणि पॅडल रोटर चालवतात. जोर हवा लावते, म्हणून स्टिक हलकी लागते आणि मोठ्या पात्यांचे हादरे हातापर्यंत फारसे येत नाहीत, बदल्यात प्रतिसाद थोडा उशिरा येतो. एकात दांडी बाजूला उभी राहून सावरते, दुसऱ्यात ती कंट्रोलच्या साखळीतली मधली कडी आहे. मग "हिलरने बेलची नक्कल केली" हे वाक्य कुठून येतं मला खरंच कळत नाही, नक्कल करणारा माणूस पायलटची स्टिक भलत्याच जागी नेऊन जोडेल का?

आरसी (रिमोटवर उडणाऱ्या छोट्या) हेलिकॉप्टरवाल्यांनी गोंधळात भर घातली हेही खरं. जुन्या मॉडेल्सच्या फ्लायबारमध्ये, म्हणजे अशाच आडव्या दांडीत, दोन्ही पद्धती एकत्र केलेल्या असायच्या, बेल-हिलर मिक्सिंग म्हणतात ते, त्यामुळे त्या छंदातून आलेल्या पोरांना हे एकच वाटतं. मिसळलं म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी होत्या म्हणूनच ना!

विक्रीचा खेळही इथूनच समजतो. स्थिरता हाच दोघांचा माल होता. बेलने १९४४ मध्येच आपलं प्रायोगिक मॉडेल ३० अमेरिकेतल्या बफेलो शहरात आर्मरीच्या (लष्करी इमारतीच्या) हॉलमध्ये, छताखाली, लोकांसमोर उडवून दाखवलं. १९४८ मध्ये टेक्सासात सिनेटच्या प्रचारात लिंडन जॉन्सन (पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले) आधी सिकोर्स्की एस-५१ मधून आणि नंतर बेल ४७ मधून गावोगाव उतरले, तेव्हा बेलचं चालवत होता कंपनीचा पायलट जो मॅशमन. याहून भारी जाहिरात कुठली? हिलरने स्टिकवरचा हात काढून उडणारं हेलिकॉप्टर म्हणून आपलं मशीन पुढे केलं, आणि पॅडलमुळे ते जमतही होतं. पण त्यावरून "कोणीही उडवू शकेल" असा अर्थ काढणं मला पटत नाही. डाव्या हातात कलेक्टिव्ह (वर-खाली जाण्याचा दांडा) आणि त्यावरच पिळायचा थ्रॉटल, पायाखाली नाक डावी-उजवीकडे वळवायची पेडल, आरपीएमवर (फिरण्याच्या वेगावर) सतत नजर, हे दोन्हीकडे पायलटलाच करावं लागायचं. युद्धानंतर घरोघरी हेलिकॉप्टर येणार ही स्वप्नं अडली ती इथे आणि किमतीपाशी. गिऱ्हाईक मिळालं ते पिकांवर फवारणीवाले, सर्व्हेवाले आणि लष्कर.

लष्करात बेल झालं एच-१३ सू, हिलर झालं एच-२३ रेव्हन, आणि कोरियात जखमींना दोघांनीही उचललं. टीव्हीवर बेल दिसलं म्हणून हिलर पुसलं गेलं, हे मला सगळ्यात जास्त खटकतं. इंडोचायनात (आजचे व्हिएतनाम, लाओस, कंबोडिया) फ्रेंच लष्करी डॉक्टर व्हॅलेरी आंद्रे १९५२ पासून स्वतः पायलट बनून जखमींना जंगलातून बाहेर काढत होत्या, त्या हिलरमधून. त्यांच्या फोटोखाली तरी बेल लिहू नका, टोकाला पॅडल दिसतात का तेवढं झूम करून बघा.