नळ्या दिसल्या म्हणजे व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर झाला का?

इंदूरच्या रामबागेतल्या धाकट्या मामाने मागच्या दिवाळीत ऑनलाइन अ‍ॅम्प्लिफायर मागवला आणि संध्याकाळीच फोन केला, "लवकर ये, व्हॉल्व्हचा आणलाय." टेबलावर डिक्शनरीएवढा काळा डबा, वर अंगठ्याएवढ्या दोन काचेच्या नळ्या. मामाने बटण दाबलं, नळ्या झटक्यात नारिंगी उजळल्या. गाणं मात्र वीसेक सेकंदांनी आलं.

मामाला म्हटलं, "जरा उचल बघू." त्याने एका हाताने उचलला. मागे लॅपटॉपसारखा २४ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर लोंबत होता.

"अरे, पण नळ्या आहेत ना?"

आहेत. खऱ्या आहेत, कामही करतात. गाण्याला वीस सेकंद लागले ते त्या तापेपर्यंत. झटक्यात आलेला उजेड खालच्या एलईडीचा होता. पण याला हायब्रिड म्हणतात, आणि पूर्ण व्हॉल्व्हचा इंटिग्रेटेड हा वेगळा प्राणी. (इंटिग्रेटेड म्हणजे प्रीअ‍ॅम्प आणि पॉवर अ‍ॅम्प एकाच पेटीत, एवढंच. ट्यूब आणि व्हॉल्व्हही एकच, जुन्या रेडिओत असायची ती काचेची नळी. फक्त महाराणी रोडच्या इलेक्ट्रिकच्या दुकानांत नुसती 'ट्यूब' मागितलीत तर आधी ट्यूबलाइट पुढे येईल.)

अ‍ॅम्प्लिफायरला दोन कामं असतात. फोनकडून किंवा सीडी प्लेअरकडून आलेला बारीक सिग्नल मोठा करायचा (हे प्रीअ‍ॅम्पचं), आणि मग स्पीकरचा कोन ढकलायला दमदार करंट द्यायचा (हे पॉवर अ‍ॅम्पचं). हायब्रिडमध्ये पहिलं काम व्हॉल्व्ह करतो, दुसरं ट्रान्झिस्टर किंवा नखाएवढी चिप. पूर्ण व्हॉल्व्हच्या सेटमध्ये दोन्ही कामं नळ्यांचीच. गोम अशी की स्पीकर ओढणारी नळी चालते तीनचारशे व्होल्टवर आणि करंट देते अगदी थोडा, तर ८ ओहमच्या (ओहम म्हणजे करंटला होणाऱ्या विरोधाचं माप) स्पीकरला हवं असतं नेमकं उलटं. दोघांची गाठ घालून देणारा मध्यस्थ म्हणजे आउटपुट ट्रान्सफॉर्मर. नळ्यांना ५००० ओहमचा भार हवा असेल आणि स्पीकर ८ ओहमचा असेल, तर वेढ्यांचं प्रमाण २५ ला १ लागतं. डाव्या-उजव्या प्रत्येक चॅनेलला असा एक, शिवाय मेनचा वेगळा. लोखंड आणि तांबं स्वस्तात येत नाही, हलकंही येत नाही. व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरची बरीचशी किंमत नळ्यांत नसते, त्या काळ्या ठोकळ्यांत असते.

म्हणून माझी पहिली परीक्षा वजनाची. जाहिरातीत नळ्यांचे फोटो दहा असतील. मी आधी किलो शोधतो. दोन किलोचा डबा सहसा 'पूर्ण व्हॉल्व्ह' नसतो. ईएल३४ नावाच्या चार नळ्यांचा सेट साधारण पंधरा-वीस किलो भरतो. दुसरी परीक्षा मागच्या बाजूला: स्पीकरसाठी ४ आणि ८ ओहमचे वेगळे टर्मिनल असले, तर आत बहुधा ट्रान्सफॉर्मर आहे. तिसरी, नळीवरचा नंबर वाचा. ईसीसी८२, ईसीसी८३ या छोट्या सिग्नलच्या नळ्या. ईएल३४, केटी८८, ६एल६, ३००बी या स्पीकर ओढणाऱ्या. आकारावर मात्र जाऊ नका, कारण ईएल८४ ही पॉवरची नळी असूनही तशीच सडपातळ, नऊ पायांची असते. आणि दोन चिमुकल्या नळ्यांवर '१०० वॅट' लिहिलेलं दिसलं, तर ते वॅट कुठून येतात हे आता सांगायला नको.

आवाजात फरक पडतो का? पडतो, पण 'गोडवा, गोडवा' म्हणतात तो सगळा नळीचा नसतो. ट्रान्सफॉर्मरमधून निघालेल्या अ‍ॅम्प्लिफायरची स्पीकरवरची पकड थोडी सैल असते, त्यामुळे तोच स्पीकर जरा वेगळा वाजतो, बेस किंचित भरीव होतो. ताकदीच्या काठावर गेला की आवाज एकदम फाटत नाही, हळूहळू दबतो. हायब्रिडची पकड घट्ट असते, ४ ओहमच्या हट्टी स्पीकरलाही तो सहसा दबत नाही.

लोकमान्यनगरातल्या मित्राकडे ईएल३४ चा जोडीतला, म्हणजे पुश-पुल सेट आहे (एका चॅनेलला दोन नळ्या, आळीपाळीने ओढणाऱ्या). त्यावर उस्ताद अमीर खांचा विलंबित ऐकताना तानपुरा भिंतीला टेकून बसल्यासारखा वाटतो. मला तो सेट हवाय. तरी मे महिन्यात मी त्याच्याकडे गाणं ऐकायला जात नाही. चार ईएल३४ ची फिलामेंटंच, म्हणजे नळी तापवणाऱ्या तारा, ३८ वॅट खातात, त्यावर प्लेटची (नळीतल्या धातूच्या पत्र्याची) उष्णता वेगळी, आणि गाणं वाजो न वाजो हे चालूच. बाहेर ४२ अंश असताना खोलीत शेगडी पेटवल्यासारखं होतं. पॉवरच्या नळ्या काही हजार तासांनी बदलाव्या लागतात, हा खर्च वेगळा. आणि स्पीकरची तार न जोडता असा सेट कधीही चालू करायचा नाही, ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

स्पीकर कोणता आहे यावर निम्मा निर्णय ठरतो. ८६-८७ डेसिबलचे (एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती मोठा आवाज येतो, तो आकडा) छोटे बुकशेल्फ स्पीकर आणि बजेट पंचवीस-तीस हजारांच्या आत असेल, तर मी बरा हायब्रिड घेईन किंवा सरळ साधा ट्रान्झिस्टरचा. त्याच पैशातला स्वस्त पूर्ण व्हॉल्व्ह नको, कारण त्यात काटकसर नेमकी ट्रान्सफॉर्मरवर झालेली असते आणि बेस पोकळ होतो. स्पीकर ९२-९३ डेसिबलचे असतील तर मात्र दहा वॅटचा ईएल८४ घरभर पुरतो.

मामाने डबा परत केला नाही. "वाजतोय चांगला, नावाने काय होतं," म्हणाला, आणि तेही खरंच. फक्त ते नारिंगी दिवे त्याला खुपायला लागले. आत २४ व्होल्टच होते म्हणून तार काढून अ‍ॅडॅप्टर बाजूला ठेवला आणि आम्ही तो उघडला. मित्राच्या सेटला असा हात लावला नसता, तिथे स्विच बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये चारशे व्होल्ट दबा धरून बसलेले असू शकतात. एलईडीच्या दोन तारा कापल्या, झाकण लावलं, चालू केला. नळ्या काळ्याच दिसत होत्या. मामाने खोलीतला दिवा घालवला तेव्हा कुठे काचेच्या आत, उदबत्तीच्या टोकाएवढा, लालसर ठिपका दिसला.