काचेवर हिरवी झाक दिसते? तक्रारीआधी हे वाचा

नवा चष्मा नेलेले ग्राहक दोन-तीन दिवसांनी परत येतात, काच ट्यूबलाइटखाली तिरकी धरतात आणि म्हणतात, "हे बघा, हिरवं दिसतंय. काच खराब लागलीय." काच खराब नसते. ज्या अँटी-ग्लेअर कोटिंगचे, म्हणजे काचेवरची चकाकी घालवणाऱ्या थराचे, तुम्ही पैसे मोजलेत, ते काचेवर आहे याचीच ती खूण. काउंटरवर गर्दीत हे नीट समजावता येत नाही, म्हणून हा कागद चष्म्याच्या डबीत ठेवला आहे. (हल्लीच्या बहुतेक काचा प्लास्टिकच्या असतात, पण तुम्हीही काच म्हणता, आम्हीही काचच म्हणतो.)

प्रकाश हवेत सेकंदाला सुमारे 3 लाख किलोमीटर धावतो. साध्या प्लास्टिकच्या काचेत शिरला की वेग 2 लाखांवर येतो. बिलावर काचेपुढे 1.5 किंवा 1.67 असा आकडा असतो, तो हाच: वेग किती पटीने घटतो ते सांगणारा अपवर्तनांक. वेग बदलतो तिथे प्रकाश वाकतो, आणि नंबरचा सगळा कारभार त्या वाकण्यावर चालतो. पण त्याच जागी थोडा प्रकाश मागेही फिरतो. 1.5 च्या काचेत एका बाजूने सुमारे 4 टक्के, दोन्ही बाजू धरून 8. मोठा नंबर जाड दिसू नये म्हणून 1.67 ची पातळ काच घेतलीत, तर हा आकडा 12 च्या आसपास जातो. त्यामुळे पातळ काच आम्ही कोटिंगशिवाय देत नाही. "कोटिंग नको, तेवढे कमी करा" म्हणालात तरी नाही.

आठ-बारा टक्के प्रकाश कमी झाल्याने काही अडत नाही. अडते ते तो भलतीकडे फिरल्याने. रात्री गाडी चालवताना मागच्या गाडीचा दिवा काचेच्या आतल्या बाजूवर आपटून थेट डोळ्यात येतो. फोटोत तुमच्या डोळ्यांऐवजी खिडकी दिसते.

हा प्रकाश थांबवतात कसा?

विहिरीत दोन खडे थोड्या अंतरावर टाका. दोन्हीकडून तरंग येतात. उंचवट्यावर उंचवटा आला तर पाणी जास्त उसळते. उंचवटा नेमका दुसऱ्याच्या खळग्यात पडला तर तिथले पाणी जवळजवळ स्थिर राहते. प्रकाशही असाच वागतो हे इंग्रज शास्त्रज्ञ थॉमस यंग यांनी 1801 साली मांडले. फरक मापाचा. हिरव्या प्रकाशाच्या एका लाटेची लांबी सुमारे 550 नॅनोमीटर, आणि एका मिलिमीटरमध्ये 10 लाख नॅनोमीटर असतात.

आता काचेवर एक पातळ थर द्यायचा. थोडा प्रकाश थराच्या वरून परततो, थोडा तळावरून. तळावरून येणाऱ्याला थर उतरून पुन्हा चढावा लागतो. थराची जाडी लाटेच्या पाव लांबीएवढी ठेवली, तर हा जाण्या-येण्याचा फेरा बरोबर अर्ध्या लाटेचा होतो, आणि उंचवटा खळग्यात पडतो. परतणाऱ्या दोन लाटा एकमेकींना पुसून टाकतात. तो प्रकाश नाहीसा होत नाही. काचेतून पुढे, तुमच्या डोळ्याकडे जातो.

थरात प्रकाशाचा वेग घटतो तशी लाटही आखूड होते, म्हणून मॅग्नेशियम फ्लोराइडचा थर द्यायचा तर ही जाडी साधारण 100 नॅनोमीटर भरते. असे सातशे थर एकावर एक रचावेत, तेव्हा कुठे डोक्यावरच्या एका केसाएवढी जाडी होईल. हे काम हवा काढून टाकलेल्या बंद यंत्रात होते. कोटिंग महाग का, त्याचे अर्धे उत्तर इथे आहे. झाइस या जर्मन भिंग-कंपनीत शास्त्रज्ञ आलेक्झांडर स्माकुला यांनी 1935 मध्ये ही युक्ती शोधली. पुढची काही वर्षे ती जर्मन लष्कराचे गुपित होती, कारण दुर्बिणींना तिचा फार उपयोग होता. चष्म्यावर ती नंतर आली.

मग हिरवे का उरते?

एकच जाडी सगळ्या रंगांना जुळत नाही, कारण लाल लाट लांब आणि निळी आखूड. म्हणून तुमच्या काचेवर वेगवेगळ्या जाडीचे अनेक थर आहेत. तरीही एखाद्या रंगाचा किंचित अंश परततोच, आणि तो कोणता हे बनवणारा ठरवतो. आमच्याकडच्या काचांमध्ये हिरवा, काहींमध्ये निळा. रंग लावलेला नाही. खात्री करायची तर काचेतून पांढऱ्या कागदाकडे पाहा. कागद पांढराच दिसेल. पावसाळ्यात पेट्रोल पंपापुढच्या ओल्या रस्त्यावर तेलाचा तवंग रंगीत दिसतो, तोही याच हिशेबाने.

खरी तक्रार वेगळी असते. डाव्या आणि उजव्या काचेची झाक स्पष्टपणे निराळी असेल, किंवा झाक मधेच तुटून ठिपके वा भेगा दिसत असतील, तर चष्मा जरूर परत आणा.

दोन गैरसमज

अँटी-ग्लेअर आणि पोलराइज्ड एक नव्हे. पाण्यावरून किंवा डांबरी रस्त्यावरून येणारी चकाकी बहुतांशी आडव्या कंपनाची असते. पोलराइज्ड गॉगल तेवढीच अडवतो. मोबाइलच्या पडद्यासमोर धरून फिरवलात तर बहुतेक वेळा एका कोनात पडदा काळा होतो. अँटी-ग्लेअर काचेत हे घडणार नाही, आणि घडायलाही नको.

दुसरा, ब्लू कट, म्हणजे निळा प्रकाश थोडा अडवणारी काच. आम्ही ती विकतो, तरी सांगतो: पडद्यासमोर डोळे थकतात ते या काचेने कमी होत असल्याचा पुरावा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेच्या 2023 च्या आढाव्यात मिळाला नाही. आवडली तर घ्या. केवळ डोळ्यांच्या थकव्यासाठी घेत असाल तर पैसे वाचवा.

पुसताना

कोरडी काच शर्टाच्या टोकाने पुसू नका. धुळीतले कण थराला ओरखडे पाडतात. आधी नळाखाली धरा, मग डबीतले कापड. गरम पाणी आणि नेलपेंट काढायचे द्रव लांब ठेवा. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर चष्मा ठेवू नका: प्लास्टिक तापून जेवढे फुगते तेवढा वरचा थर फुगत नाही, आणि त्याला बारीक भेगा जातात. त्या भेगा आम्हालाही काढता येत नाहीत. काच बदलावी लागते.