समाजकार्याचे दूरशिक्षण (सातारा–सांगली परिसर)

समाजकार्याची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी पूर्णवेळ महाविद्यालयात न जाता मिळवण्याची पद्धत. छापील पुस्तके, स्वाध्याय, अभ्यासकेंद्रावरची संपर्कसत्रे, ऑनलाइन तासिका आणि राहत्या परिसरातले क्षेत्रकार्य (लोकांत प्रत्यक्ष काम करून शिकणे) हे तिचे भाग. ग्रामीण भागात हा सगळा पसारा एका विद्यापीठाला झेपत नाही. म्हणून विद्यापीठांनी आणि जवळच्या महाविद्यालयांनी कामे वाटून घेणे इथे अपरिहार्य ठरते.

भारतात या विषयाचे औपचारिक शिक्षण १९३६ मध्ये मुंबईत सुरू झाले. आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था ती हीच. साताऱ्याजवळ जकातवाडीला समाजकार्याचे महाविद्यालय आहे, कोल्हापुरात समाजकार्य शिकवणारी ‘सायबर’ ही संस्था आहे. पण जत, आटपाडी किंवा माण तालुक्यातल्या नोकरदार बाईला रोज तिथवर जाणे-येणे परवडणारे नाही. या दुष्काळी पट्ट्यात अंगणवाडी सेविका, आशा आणि बचतगटांच्या सीआरपी (समुदाय संसाधन व्यक्ती) समाजकार्याची कामे आधीपासूनच करत आहेत. दूरशिक्षणाचा खरा विद्यार्थिवर्ग हाच आहे.

सर्वांत अवघड भाग क्षेत्रकार्याचा. व्यक्तिसहाय्य कार्य (एकेका व्यक्तीला तिच्या अडचणीत मदत करणे), गटकार्य आणि समुदाय संघटन यांची तत्त्वे पुस्तकातून कळतात, पण अंगवळणी पडतात ती माणसांत वावरून आणि जाणत्या पर्यवेक्षकाशी बोलून. पूर्णवेळ अभ्यासक्रमात विद्यार्थी साधारणपणे आठवड्यातून दोन दिवस एखाद्या संस्थेत जातो, अहवाल लिहितो आणि त्यावर पर्यवेक्षक त्याच्याशी चर्चा करतो. दूरशिक्षणात नेमका हाच दुवा निसटतो.

समजा, शिकणारी बाई अंगणवाडी सेविका आहे. कमी वजनाच्या बाळाच्या घरी ती एरवीही जाते, वजन घेते, नोंद करते. विद्यार्थिनी म्हणून गेल्यावर मात्र आई ऊसतोडीला का गेली, बाळ कोणाच्या हवाली आहे, सासूने बोलणे का टाळले, आपण काय गृहीत धरले, हे तिला लिहावे लागते. यातले डोळ्यांनी पाहिलेले किती आणि ऐकीव किती, हे विचारणारे कोणीतरी हवे. नोकरीतल्या पर्यवेक्षिकेकडे ही जबाबदारी देऊ नये. तिचे लक्ष मासिक अहवालावर असते, शिवाय वरिष्ठांसमोर सेविका आपली अडचण मोकळेपणाने सांगणार नाही. नोकरीचेच तास क्षेत्रकार्य म्हणून मोजणे हीही पळवाट होय.

सहकार्याची गरज इथे स्पष्ट होते. पुस्तके, परीक्षा आणि प्रवेश मुक्त विद्यापीठाने पाहावेत; पर्यवेक्षण जवळच्या महाविद्यालयातल्या प्रशिक्षित प्राध्यापकांनी करावे. म्हसवडची माणदेशी आणि सांगलीची संग्राम यांसारख्या, महिलांसोबत राबणाऱ्या संस्थांचे काम क्षेत्रकार्याला साजेसे आहे. भाषेचा प्रश्न तितकाच निकडीचा आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ समाजकार्याच्या दोन्ही पदव्या देते, पण माध्यम इंग्रजी आणि हिंदी. मराठी पाठ्यसामग्री एकेका विद्यापीठाने वेगवेगळी लिहिण्याऐवजी सामाईकपणे तयार करणे शहाणपणाचे आहे.

कायद्याच्या मर्यादाही आहेत. शिवाजी विद्यापीठाचे (स्थापना १९६२) कार्यक्षेत्र कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे (१९८९) संपूर्ण राज्य. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या विनियमांनुसार अभ्यासकेंद्रे फ्रँचायझी पद्धतीने चालवता येत नाहीत आणि राज्य विद्यापीठांना आपल्या हद्दीबाहेर दूरशिक्षण देता येत नाही. कार्यक्षेत्राबाहेर अभ्यासक्रम चालवल्यामुळे मैसूरच्या कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठाची मान्यता २०१५ मध्ये काढून घेतली गेली. ती २०१८ मध्ये पुन्हा मिळाली. केंद्रांचा बाजार रोखायला हा नियम हवाच. जत तालुक्याच्या पूर्व भागात मात्र हद्दीच्या या नियमाची झळ बसते. तिथल्या अनेक घरांत कन्नड बोलली जाते आणि कर्नाटकातले विजयपूर (विजापूर) जवळ पडते, तरीही तिकडच्या राज्य विद्यापीठाचा दूरशिक्षण अभ्यासक्रम या गावांपर्यंत आणता येत नाही. कन्नड जाणणारे पर्यवेक्षक मग सांगली–मिरजेकडूनच मिळवावे लागतात.