चिकूची तुळई आणि टिकालचे जंगल

टिकाल या प्राचीन माया नगरातील पहिल्या क्रमांकाच्या मंदिराच्या माथ्यावर ज्या अरुंद, काळोख्या खोल्या आहेत, त्यांच्या दारांवर दगड नव्हे, तर लाकडाच्या जाडजूड तुळया बसवलेल्या होत्या आणि ते लाकूड चिकूचे होते. डहाणू-घोलवडच्या वाडीत आपण ज्या झाडाखाली उभे राहून पिकलेले फळ हातात घेतो, तेच हे झाड. मूळचे ते मेक्सिकोचा दक्षिण भाग, ग्वाटेमाला आणि बेलीझ या पट्ट्यातले. तिथल्या जंगलात ते तीस मीटरच्याही वर जाते आणि त्याचे गाभ्याचे लाकूड इतके घट्ट असते की ते पाण्यात बुडते व वाळवीला दाद देत नाही. म्हणूनच ज्या प्रदेशात पावसाळा वर्षाचे निम्म्याहून अधिक महिने टिकतो, तिथे या तुळया बाराशे-तेराशे वर्षे दगडाचा भार पेलत राहिल्या.

ग्वाटेमालाच्या उत्तरेकडील पेतेन प्रांतात टिकाल वसले आहे. सुमारे ४७ मीटर उंचीचे हे पहिले मंदिर जसाव चान कविल या राजाचे. त्याने इसवी सन ६८२ ते ७३४ या काळात राज्य केले आणि त्याची समाधी याच मंदिराच्या पोटात सापडली. दारांवरच्या तुळयांच्या खालच्या अंगावर, म्हणजे आत शिरणाऱ्याने मान वर केली तरच दिसेल अशा जागी, राजाची कामगिरी कोरलेली होती. १८७७ मध्ये गुस्ताव बर्नुली या स्विस वैद्याने टिकालमधील अशा काही कोरीव तुळया काढवून घेतल्या आणि त्या स्वित्झर्लंडमधील बाझेलच्या संग्रहालयात पोहोचल्या. टिकालमध्ये आज रिकाम्या चौकटी पाहाव्या लागतात याची हळहळ वाटते. मात्र यांपैकीच एका तुळईने पुढे विज्ञानाचा एक जुना वाद मिटवला.

वाद कालगणनेचा होता. माया लोकांची दीर्घ गणना एका ठरावीक आरंभदिनापासून दिवस मोजत जाते आणि शिलास्तंभांवर तिच्या नेमक्या तारखा कोरलेल्या आहेत. परंतु स्पॅनिश लोक येण्याच्या कितीतरी आधी ही गणना वापरातून गेली होती, त्यामुळे तिची सांगड आपल्या इसवी सनाशी कशी घालायची याबद्दल मतभेद होते आणि वेगवेगळ्या मतांत शतकांचे अंतर पडत होते. पहिल्या मंदिराच्या तुळईवर कालाकमुल या बलाढ्य शत्रुराज्यावर मिळवलेल्या विजयाची नोंद आहे. रूढ सांगड खरी मानली, तर तो विजय इसवी सन ६९५ मधला ठरतो. तेव्हा ज्या झाडापासून ही तुळई घडवली, ते झाड कधी तोडले हे कळले, तर निवाडा होणार होता. अडचण अशी की, उष्ण कटिबंधातील चिकूच्या खोडात थंड प्रदेशातील झाडांसारखी स्पष्ट वार्षिक वलये दिसत नाहीत. यावर संशोधकांनी शोधलेला मार्ग मला फार आवडतो. कोरडा आणि ओला ऋतू पालटताना लाकडातील कॅल्शियमचे प्रमाण कमी-जास्त होते. त्या चढउतारांवरून त्यांनी झाडाच्या वाढीची वर्षे मोजली आणि लाकडाच्या निरनिराळ्या थरांतील किरणोत्सारी कार्बनशी ती जुळवली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा होता की, झाड इसवी सन ६५८ ते ६९६ यांच्या दरम्यान तोडले गेले. रूढ सांगड बरोबर ठरली आणि हजारो माया शिलालेखांच्या तारखांना भक्कम आधार मिळाला.

टिकालच्या तुळया जंगलाचाही हिशेब सांगतात. मंदिरांतील लाकूड क्रमाने तपासले असता असे दिसले की, इसवी सन ७४१ पर्यंत बांधकामासाठी चिकूच्या सरळ, उंच झाडांच्या मोठ्या तुळया मिळत होत्या. त्या वर्षानंतर तुळयांचा आकार एकदम घटला आणि चिकूऐवजी दलदलीत वाढणाऱ्या, वाकड्यातिकड्या खोडाच्या पतंगी रंगाच्या झाडाचे लाकूड येऊ लागले. ८१० च्या सुमारास चिकू पुन्हा दिसतो, पण तो बारीक खोडाचा. शहराभोवतीची जुनी, पुरुषभर घेराची झाडे संपली होती आणि उरली होती ती नव्याने वाढणारी. एवढी वर्षे मोठी झाडे मिळत राहिली, याचाच अर्थ त्यापूर्वी कुणीतरी ती राखत होते. माझ्या मते हा तपशील पिरॅमिडच्या उंचीपेक्षा अधिक बोलका आहे.

टिकालला जवळपास नदी नाही. खाली सच्छिद्र चुनखडक असल्यामुळे पावसाचे पाणी झिरपून खोल जाते आणि जानेवारी ते मे या कोरड्या महिन्यांत माणसाला साठवणीवरच जगावे लागते. म्हणून चौक आणि अंगणे चुन्याच्या गिलाव्याने लिंपून त्यांना उतार दिला होता, ज्यामुळे पडलेला प्रत्येक थेंब तळ्यांकडे वाहून जाई. राजवाड्यालगतच्या तळ्याचा बांध सुमारे ८० मीटर लांब व १० मीटर उंच होता आणि त्यामागे अंदाजे साडेसात कोटी लिटर पाणी साठत असे. कोरियेंताल नावाच्या दुसऱ्या तळ्याच्या गाळात संशोधकांना स्फटिकरूप वाळू आणि झिओलाइट हे खनिज सापडले. झिओलाइटच्या कणांना अतिसूक्ष्म छिद्रे असतात, त्यांत जंतू आणि विषारी द्रव्ये अडकतात आणि आजच्या जलशुद्धीकरणातही ते वापरले जाते. हे खनिज टिकालच्या आसपास आढळत नाही. ते सुमारे ३० किलोमीटरवरून मुद्दाम आणलेले दिसते आणि तेही दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी. दुर्दैवाने राजवाड्याजवळच्या तळ्याची गोष्ट अगदी उलटी आहे. त्याच्या गाळात पाऱ्याचे प्रमाण मोठे आढळले, कारण भिंतींवर आणि समाध्यांत माया लोक सढळ हाताने वापरत असलेला हिंगूळ, म्हणजे पाऱ्याचे लाल खनिज, पावसाबरोबर धुऊन तिथे उतरत होता. जोडीला विषारी नील-हरित शैवालाच्या खुणाही मिळाल्या. दुष्काळाच्या वर्षांत, पाणी आटत असताना, नगराच्या मध्यभागातील तळ्याचे पाणी पिणे धोक्याचे झाले असले पाहिजे.

टिकालमधील तारखेचा शेवटचा शिलास्तंभ इसवी सन ८६९ चा आहे. बेलीझमधील योक बालुम गुहेतल्या चुनखडी स्तंभांनी जपून ठेवलेला पावसाचा इतिहास सांगतो की, सातव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पाऊसमान घटत गेले. मात्र सारा दोष दुष्काळावर टाकणे मला पटत नाही. सततची युद्धे, झिजलेली माती आणि राजसत्तेचा वाढता खर्च हे सगळे एकमेकांत गुंतलेले होते. माया लोक नाहीसे झाले, असे जे सर्रास लिहिले जाते, तेही चुकीचे आहे. ते उत्तरेकडे व डोंगराळ प्रदेशात नांदत राहिले आणि माया भाषा बोलणारे लाखो लोक आज ग्वाटेमाला, मेक्सिको आणि बेलीझमध्ये आहेत. ओस पडली ती मुख्यतः ही सखल भागातील नगरे.

त्यावर जंगल चढले. पेतेनमधील सरोवरांच्या तळाचा गाळ काढून त्यातील परागकण पाहिले, की मानवी वस्तीच्या काळात मक्याचे व गवताचे पराग वाढलेले, वृक्षांचे घटलेले आणि शेतांतून वाहून आलेल्या मातीचा जाड थर साचलेला दिसतो. वस्ती उठल्यावर एका-दोन शतकांतच वृक्षांचे पराग परत येतात. म्हणजे ज्या रानाला प्रवासी अनादी समजतात, ते फार तर हजार वर्षांचे आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लायडार सर्वेक्षणाने याचा आवाका दाखवला. विमानातून लेसरचे झोत सोडले, की त्यांपैकी काही पानांच्या फटींतून जमिनीपर्यंत पोहोचून परततात आणि त्यांच्या वेळेवरून झाडांखालच्या जमिनीचा चढउतार रेखता येतो. या पद्धतीने उत्तर ग्वाटेमालातील २,१४४ चौरस किलोमीटरमध्ये ६१,४८० बांधकामे मोजली गेली. त्यांत घरे, रस्ते, कालवे, शेतांचे बांध आणि तटबंद्या असे सगळे होते. त्यावरून, ६५० ते ८०० या काळात मध्य सखल प्रदेशाची लोकसंख्या ७० लाख ते १ कोटी १० लाख असावी, असा अंदाज मांडला गेला.

मग या रानातील झाडे त्या लोकांनीच लावलेली आहेत का? रामोन नावाच्या वृक्षावर हा वाद अजून रंगतो. रामोन आपल्या फणस-उंबराच्या कुळातला. त्याच्या बिया उकडून किंवा दळून खाता येतात आणि पडक्या अवशेषांवर त्याची दाटी इतर जागांपेक्षा जास्त असते. १९६० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ डेनिस पुलस्टन यांनी असे मांडले की, माया लोक घराभोवती रामोन लावत आणि त्याच्या बिया जमिनीत खोदलेल्या कोठारांत साठवत. पुढे इतरांनी दाखवून दिले की, ढासळलेल्या चुनखडकाची मुरुमासारखी जमीन रामोनला आवडतेच, शिवाय वटवाघळे फळे घेऊन भग्न खोल्यांत येतात व बिया तिथे टाकतात, त्यामुळे माणसाने न लावताही तो तिथे वाढला असता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असणे मला अधिक संभवनीय वाटते. परसात माणसाने राखलेले झाड परसदार उजाड झाल्यावर वटवाघळांनी पसरवले असेल. काही असो, आज त्या फळांवर वानरे जगतात आणि वानरांसाठीच अनेक प्रवासी इथे येतात.

पहाटे सुमारे ६५ मीटर उंचीच्या चौथ्या क्रमांकाच्या मंदिराचा लाकडी जिना चढून वर पोहोचले, की धुक्यातून पहिल्या तीन मंदिरांचे माथे तेवढे वर आलेले दिसतात आणि दुरून एखादे मोठे श्वापद गुरगुरावे तसा आवाज उठतो. ते काळे हाउलर वानर असते. जेमतेम मध्यम आकाराच्या कुत्र्याएवढा हा प्राणी. पण त्याच्या गळ्यातील कंठिका अस्थी फुगून पोकळ पेटीसारखी झालेली असते आणि ती तंबोऱ्याच्या भोपळ्याप्रमाणे नाद वाढवते. मुख्यतः पाने व फळे खाऊन जगणाऱ्या या वानराला शक्ती जपून वापरावी लागते, म्हणून शेजारच्या टोळीशी झुंजण्याऐवजी ते पहाटे ओरडून आपली जागा कळवते. चौकात खाली निळ्या डोक्याची, नारिंगी गाठींची रानटी टर्की निर्धास्त हिंडत असते. उंच झाडांवर ओरोपेंडोला पक्ष्यांचे लांबलचक विणलेले खोपे लोंबतात. ते पाहून आपल्याला सुगरण आठवते, जरी दोघांचे नाते जवळचे नसले तरी. टूकानचेही तसेच. त्याची भली मोठी चोच पाहून धनेशाची आठवण होते, पण त्याचे खरे नातलग आपल्याकडचे तांबट आणि सुतार. फांदीच्या टोकाच्या फळापर्यंत पोचण्याच्या गरजेने दोन खंडांत दोन वेगळ्या घराण्यांना सारखी चोच दिली.

जग्वार सहसा दिसत नाही. बिबट्यापेक्षा तो जड, ठेंगणा, अंगावरील वर्तुळांच्या आत ठिपके असलेला आणि जबड्याचा इतका बळकट, की भक्ष्याची कवटीच फोडतो. माया भाषांत त्याला बलाम म्हणतात आणि पहिल्या मंदिराला जग्वारचे नाव मिळाले तेही तुळईवरील त्याच्या कोरीव आकृतीमुळे. त्याच्यासाठीचे पहिले अभयारण्य शेजारच्या बेलीझमध्ये, कॉक्सकोम खोऱ्यात झाले. प्राणिशास्त्रज्ञ अॅलन रॅबिनोविट्झ यांच्या अभ्यासानंतर १९८४ मध्ये तिथे शिकारबंदी आली, १९८६ मध्ये जग्वारसाठी छोटा भाग राखला गेला आणि १९९० मध्ये तो बराच वाढवला गेला. त्याच देशात बेलीझ नदीकाठच्या शेतकऱ्यांनी १९८५ मध्ये हाउलर वानरांसाठी आपल्याच जमिनींवर आश्रय उभा केला. त्यासाठी त्यांनी नदीलगतची झाडांची पट्टी न तोडण्याचे आणि वानरांची खाण्याची झाडे राखण्याचे लेखी वचन दिले. तिथे कुंपण नाही, पहारा नाही.

टिकाल राष्ट्रीय उद्यान ५७६ चौरस किलोमीटरचे असून १९७९ पासून सांस्कृतिक व नैसर्गिक अशा दोन्ही निकषांवर जागतिक वारशात आहे, तर त्याभोवतीचे माया जीवावरण राखीव क्षेत्र १९९० मध्ये घोषित झाले. ते २१,००० चौरस किलोमीटरहून मोठे आहे. तिथले वास्तव मात्र कागदावरील नियमांशी जुळत नाही. कडक संरक्षण दिलेल्या पश्चिमेकडील काही उद्यानांत गुरांच्या कुरणांसाठी हजारो हेक्टर जंगल जाळले गेले, तर जी जंगले गावांना दीर्घ मुदतीच्या करारावर वापरायला दिली, ती बऱ्याच अंशी शाबूत राहिली. टिकालच्या उत्तरेला सुमारे वीस किलोमीटरवर असलेले उआशाक्तुन हे असेच गाव. तिथले लोक मोजकी महोगनी तोडतात, पुष्परचनेसाठी परदेशी जाणारी शाते नावाच्या बुटक्या ताडाची पाने खुडतात आणि चिकूचा चीक काढतात. च्युइंग गम मुळात याच चिकापासून बनत असे.

पावसाळ्यात दोर आणि पायांना काटे लावून चिकलेरो, म्हणजे चीक काढणारा, खोडावर चढतो आणि कोयत्याने नागमोडी चिरा पाडत वर जातो. पांढरा चीक त्या चिरांतून ओघळत बुंध्याशी बांधलेल्या पिशवीत उतरतो आणि मग तो कढवून त्याच्या विटा पाडतात. एकदा चीक काढल्यावर त्या झाडाला अनेक वर्षे विश्रांती द्यावी लागते, तेव्हा कुठे साल पुन्हा भरून येते. उआशाक्तुनच्या वाटेवर जुन्या चिकूंच्या खोडांवर या चिरांचे काळे वण बुंध्यापासून नजर पोचेल तिथपर्यंत गेलेले दिसतात आणि जवळ जाऊन पाहिले, तर भरून आलेल्या जुन्या वणांच्या मधल्या जागेत पाडलेल्या नव्या चिरा वेगळ्या ओळखू येतात.