विमानाच्या दिव्याने किती उजेड पाडावा?

विमान उडवण्याचा आभास देणाऱ्या संगणकीय सिम्युलेटरमध्ये रात्रीच्या वेळी विमान धावपट्टीजवळ आले की पुष्कळदा एक चमत्कारिक दृश्य दिसते. लँडिंग लाइटचे, म्हणजे उतरताना पुढे झोत टाकणाऱ्या दिव्याचे, बटण दाबताच अर्धा किलोमीटर धावपट्टी, शेजारचे गवत आणि पलीकडची झाडेसुद्धा रंगमंचासारखी उजळून निघतात. पाहणाऱ्याला ते आवडते, परंतु रात्री विमान उतरवण्याची सवय असलेल्या माणसाला ते खटकते. खऱ्या विमानाचा दिवा अतिशय प्रखर असूनही जमिनीवर त्याचा उजेड नवल वाटावे इतका कमी पडतो, आणि सिम्युलेटरमध्ये हुबेहूब दिवा बसवण्याचे निम्मे काम हा अपुरेपणा सांभाळण्याचे असते.

प्रवासी विमानांत अनेक वर्षे वापरला गेलेला एक दिवा उदाहरणादाखल घेऊ. २८ व्होल्टवर चालणारा, ६०० वॅटचा आणि सुमारे २० सेंटिमीटर व्यासाचा हा सीलबंद दिवा झोताच्या मध्यावर सुमारे ६ लाख कँडेला (एका दिशेने जाणाऱ्या प्रकाशाच्या तीव्रतेचे एकक) तीव्रतेचा प्रकाश फेकतो. (एवढ्या तेजापायी त्याची तार लवकर झिजते; त्याचे अपेक्षित आयुष्य अवघे २५ तासांचे असते.) प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात विरळ होत जातो. त्यामुळे ३०० मीटरवर या झोताच्या वाटेत एखादा कागद सरळ समोर धरला, तर त्यावर ६ लाख भागिले ९० हजार, म्हणजे जेमतेम ७ लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचे एकक) उजेड पडेल. आपल्या अभ्यासाच्या टेबलावर तो ३०० ते ५०० लक्स असतो. शिवाय धावपट्टी कागदासारखी झोतासमोर उभी नसते. विमान साधारणपणे ३ अंशांच्या उताराने खाली येते, झोत जमिनीला घासत जातो आणि तोच प्रकाश सुमारे १९ पट लांब पट्ट्यावर पसरतो. हाती उरतो तो ०.३५ लक्स, म्हणजे जवळजवळ पौर्णिमेच्या चांदण्याएवढा उजेड. विमान आणखी खाली येऊन हेच अंतर ८० मीटर झाले की उजेड १४ पट वाढून ५ लक्सच्या आसपास जातो. म्हणूनच खऱ्या विमानातून पाहताना धावपट्टी बटणासरशी उजळत नाही. ती अखेरच्या काही सेकंदांत अंधारातून हळूहळू वर येते.

तिचाही प्रत्येक भाग सारखा उजळत नाही. पांढऱ्या पट्ट्यांच्या रंगात काचेचे बारीक मणी मिसळलेले असतात. मण्यात शिरलेला प्रकाश त्याच्या मागच्या बाजूवरून परतून, आला त्याच दिशेने माघारी जातो. काळे डांबर दिसू लागण्याच्या कितीतरी आधी या पट्ट्या उठून दिसतात, आणि जिथे असंख्य चाकांचे रबर घासून चिकटलेले असते तिथे त्या पुन्हा मंदावतात. सिम्युलेटरच्या निर्मात्याने सर्व पृष्ठभागांना प्रकाश चोहीकडे सारखा विखुरणाऱ्या खडूसारखे मानले, तर दिव्याचे आकडे कितीही अचूक असले तरी धावपट्टी कृत्रिमच वाटते. माझ्या मते दिव्याची तीव्रता वाढवण्याचा मोह याच ठिकाणी होतो: पट्ट्या दिसत नाहीत म्हणून दिवा वाढवला जातो आणि मग गवतही चमकू लागते.

झोताचा आकारही असाच नाजूक असतो. या जातीच्या दिव्यांचा झोत सुमारे ११-१२ अंश रुंद मानतात, पण ती कड म्हणजे मध्याच्या तुलनेत एक दशांश तेज उरते ती जागा. प्रकाश तिथे कात्रीने कापल्यासारखा संपत नाही. ३०० मीटरवर हा झोत जवळजवळ ६० मीटर रुंद होतो, म्हणजे मोठ्या विमानतळांच्या ४५ ते ६० मीटर रुंद धावपट्ट्या व्यापण्यापुरता.

हा उजेडाचा ठिपका वैमानिकाला नकळत उंची सांगत असतो. दिवा विमानाला घट्ट बसवलेला असल्यामुळे नाक वर-खाली झाले की झोतही हलतो. जमिनीपासून १५ मीटर उंचीवर झोत ३ अंश खाली रोखलेला असेल, तर तो २८६ मीटर पुढे टेकतो. टेकण्याआधी वैमानिकाने नाक केवळ २ अंश उचलले की तोच झोत ८५९ मीटरवर पळतो आणि जवळची जमीन अंधारात जाते. म्हणून काही विमानांत एकाहून अधिक दिवे वेगवेगळ्या कोनांत बसवतात. प्रकाशाने उंची मोजण्याची युक्ती एकदा फार धाडसाने वापरली गेली होती. मे १९४३ मध्ये जर्मनीतील धरणांवर हल्ला करणाऱ्या ब्रिटिश लँकेस्टर विमानांच्या पोटाखाली दोन दिवे असे तिरके लावले होते, की पाण्यावरचे त्यांचे ठिपके एकमेकांना भिडले म्हणजे विमान बरोबर ६० फुटांवर आहे असे समजावे. सिम्युलेटरमध्ये दिवा विमानाऐवजी कॅमेऱ्याला, म्हणजे पाहणाऱ्याच्या नजरेला, बांधला, तर उंची सांगणारी ही खूण हरवते, आणि मान वळवली की उजेडही वळतो.

असे कोणी मुद्दाम करत नाही. संगणकाच्या मर्यादांमुळे ते घडत आले. संगणक सगळे दृश्य छोट्या-मोठ्या त्रिकोणांनी रचतो. पूर्वीच्या ग्राफिक्स पद्धतीत प्रकाशाचे गणित केवळ या त्रिकोणांच्या कोपऱ्यांवर होत असे आणि मधला भाग त्यांवरून भरला जाई. भूप्रदेशाचे त्रिकोण शेकडो मीटर लांब, त्यामुळे झोत एखाद्या त्रिकोणाच्या बरोबर मध्ये पडला तर तो कोणत्याच कोपऱ्याला न शिवल्यामुळे नाहीसाच होई. त्यावर अर्धपारदर्शक शंकू विमानाला चिकटवण्यासारखे उपाय निघाले. पुढे प्रत्येक पिक्सेलसाठी, म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्यासाठी, वेगळे गणित करणारे शेडर नावाचे छोटे प्रोग्रॅम आले. १९९७ पासून वापरात असलेल्या फ्लाइटगिअर या मुक्तस्रोत सिम्युलेटरच्या एका प्रकाशपद्धतीत लँडिंग लाइट पडद्यावरच्या दिशांवरून मोजला जाई. हे गणित वेगवान होते, पण दिव्याचा उजेड केवळ कॉकपिटमधून पाहतानाच दिसे. त्याच सिम्युलेटरमध्ये २०१२ साली रेम्ब्राँ या चित्रकाराचे नाव दिलेली दुसरी पद्धत आली. तिच्यात आधी सगळे दृश्य अंतर, रंग आणि पृष्ठभागाची दिशा यांच्या नोंदींसह साठवायचे आणि मग प्रत्येक दिव्याचा हिशेब त्या नोंदींवर करायचा, अशी व्यवस्था होती. दिवे खरेखुरे विमानाला जोडले गेले. परंतु अनेक ग्राफिक्स कार्डांना तो भार पेलेना आणि पहिल्या पद्धतीतले देखणे वातावरण तिच्यात मिळेना. अलीकडच्या पद्धती कॅमेऱ्यासमोरच्या अवकाशाचे छोटे कप्पे पाडतात आणि प्रत्येक कप्प्यात पोहोचणाऱ्या दिव्यांचाच हिशेब करतात. त्यामुळे विमान तयार करणाऱ्या हौशी माणसाला आता दिव्याचे स्थान, दिशा, झोताचा कोन आणि पल्ला एवढेच एका फाइलमध्ये लिहावे लागते.

दिवा बाहेरून पाहताना मात्र वेगळाच प्रश्न उभा राहतो. २० सेंटिमीटरचा दिवा १० किलोमीटरवर इतका लहान दिसतो, की ६० अंशांचे दृश्य दाखवणाऱ्या १,९२० पिक्सेल रुंद पडद्यावर तो एका पिक्सेलच्या रुंदीच्या सत्ताविसाव्या भागाएवढा भरेल. तरीही स्वच्छ हवेत तो आपल्या रोखाने वळलेला असला, तर डोळ्यापर्यंत येणारा त्याचा प्रकाश शुक्राच्या चांदणीच्या सुमारे ४५ पट असतो. घाटकोपरहून संध्याकाळी पूर्वेकडे पाहिले, तर मुंबईत उतरणाऱ्या विमानांचे दिवे एकामागून एक स्थिर लटकल्यासारखे दिसतात, ते यामुळेच. कोणताही पडदा एका पिक्सेलमधून एवढे तेज काढू शकत नाही. म्हणून अशा दिव्याला ठरावीक आकाराचा मऊ तेजोगोल द्यावा लागतो आणि पाहणारा झोताच्या मध्यापासून बाजूला सरकला की तो झपाट्याने विझवावा लागतो. बाजूने जाणाऱ्या विमानाचा दिवाही तितकाच लखलखत राहिला, तर बनाव लगेच उघडा पडतो.

सर्वांत कठीण परीक्षा धुक्यात होते. धुक्यातून जाताना प्रकाश अंतरागणिक घातांकी वेगाने घटतो, आणि विमानाच्या स्वतःच्या दिव्याला ती वाट दोनदा तुडवावी लागते: जाताना आणि परतताना. दृश्यमानता २०० मीटर असताना २०० मीटरवरील धावपट्टीच्या कडेचा दिवा आपल्यापर्यंत येईतो त्याच्या प्रकाशाचा पन्नासावा भाग उरतो. आपल्या लँडिंग लाइटचा प्रकाश तिथवर जाऊन परत येईपर्यंत मात्र सुमारे अडीच हजारावा भाग उरतो, आणि अंतरामुळे होणारी घट याशिवाय. दरम्यान, वाटेतल्या थेंबांवरून मागे फिरलेला उजेड काचेसमोर पांढरी भिंत उभी करतो. सिम्युलेटरने ही भिंत दाखवली आणि लँडिंग लाइट बंद करताच तिच्यामागचे कडेचे दिवे अंधुकसे दिसू लागले, तर खेळणाराही अनुभवी वैमानिकाप्रमाणे आपणहून बटणाकडे हात नेतो.