रँक लागणं आणि रँक लावणं

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात अमेरिकेत माझी हेम-ऑन्क फेलोशिप (रक्ताचे आजार आणि कॅन्सर यांचं सुपरस्पेशालिटी प्रशिक्षण) पक्की झाली, त्या रात्री नागपूरहून मामेभावाचा फोन आला. अभिनंदन झालं, मामीशी बोलणं झालं, मग त्याने विचारलं, "ताई, पण रँक किती लागली तुझी?"

"रँक लागत नाही रे इथे. मी लावली."

तो तेव्हा एमडी मेडिसिनच्या दुसऱ्या वर्षाला होता आणि नीट-एसएसची, म्हणजे सुपरस्पेशालिटी प्रवेशपरीक्षेची, पुस्तकं त्याच्या टेबलावर येऊन पडली होती. त्याला वाटलं मी टाळते आहे. पण शब्द तोच असला तरी क्रियापद बदललं की अख्खी पद्धत बदलते. महाराष्ट्रातून अमेरिकेत रेसिडेन्सीला (आपल्या एमडीसारखं प्रशिक्षण) आलेली आमच्यातली बरीच मुलं फेलोशिपच्या वेळी नेमकी इथेच चुकतात. लागणाऱ्या रँकवर वाढलेला माणूस रँक लावायला बसला, तरी डोक्यात हिशेब जुनाच चालू असतो.

आधी आपल्याकडचं. एमडी झालं की नीट-एसएस. मेडिकल ऑन्कॉलॉजीचं, म्हणजे कॅन्सरवरच्या औषधोपचाराचं, डीएम (एमडीनंतरची पदवी) करायचं तर मेडिसिन, पेडिअॅट्रिक्स किंवा रेडिओथेरपीचं एमडी लागतं. परीक्षा होते, मार्कांवरून रँक लागते आणि एमसीसी या केंद्रीय समितीचं काउन्सेलिंग, म्हणजे जागावाटप, सुरू होतं. तुम्ही चॉइस भरता, म्हणजे कुठलं कॉलेज आणि कुठला विषय ते पसंतीच्या क्रमाने. संगणक पहिल्या रँकवाल्यापासून सुरुवात करतो, त्याच्या यादीतली वरून पहिली रिकामी जागा त्याला देतो, मग दुसरा, मग तिसरा. पंगतीत पान मांडल्यासारखं आहे हे. आधीच्या माणसाला वाढून झालं की वाढपी पुढे सरकतो. तुमच्या मागे बसलेला तुमच्या पानातलं काही उचलू शकत नाही आणि पुढच्याचं काही तुमच्याकडे येत नाही. कॉलेजला तुम्ही कोण आहात हे ठाऊक नसतं. त्याला मतच नसतं. (एम्ससारख्या संस्थांची आयएनआय-एसएस ही परीक्षा वेगळी, तिथे लेखी परीक्षेनंतर विभागाकडून मूल्यांकनाचा टप्पा असतो. पण तिथेही शेवटी हातात येते ती लागलेली रँकच.)

अमेरिकेत इंटर्नल मेडिसिनची रेसिडेन्सी तीन वर्षांची. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला, जुलैत, अर्ज जातो. मग ऑगस्टपासून साधारण ऑक्टोबर संपेपर्यंत इंटरव्ह्यू, २०२० पासून बहुतेक व्हिडिओवर. नोव्हेंबरमध्ये तुम्ही जिथे जिथे इंटरव्ह्यू दिला त्या प्रोग्रॅमांची पसंतीक्रमाने यादी लावता. तिकडे प्रत्येक प्रोग्रॅमही त्यांनी भेटलेल्या उमेदवारांची यादी लावतो. दोन्ही याद्या एनआरएमपी या संस्थेकडे जातात, ती त्या एकमेकींशी जुळवते, यालाच मॅच म्हणतात. डिसेंबरच्या सुरुवातीला निकाल, आणि पुढच्या जुलैत कामावर हजर. तुमचा एकच असा आकडा कुठे नसतोच. एका प्रोग्रॅमच्या यादीत तुम्ही चौथे असाल, दुसऱ्याच्या यादीत चाळिसावे, तिसऱ्याने तुमचं नाव घातलंच नसेल. आणि यातलं काहीच तुम्हाला कधी कळत नाही.

म्हणजे तिकडे पंगत आहे आणि इकडे स्थळं पाहणं. दोन्ही बाजूंची पसंती लागते. ही उपमा मी ओढूनताणून आणलेली नाही. या पद्धतीचं गणित १९६२ साली डेव्हिड गेल आणि लॉइड शेपली यांनी मांडलं, ते लग्नाच्या जोड्यांचंच उदाहरण घेऊन. मॅच त्याआधीपासून, १९५२ पासून, चालू होती, पण जुन्या पद्धतीत पुढाकार हॉस्पिटलकडे होता. अॅल्विन रॉथ आणि इलियट पेरॅन्सन यांनी ती नव्याने बांधली आणि १९९८ च्या मॅचपासून पुढाकार उमेदवाराकडे आला. रॉथ आणि शेपली यांना २०१२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आम्ही नोव्हेंबरातल्या एका रात्री ड्युटीवरून येऊन जी यादी लावतो, तिच्यामागे एवढं काम आहे.

आता खरी गफलत. आपल्याकडून आलेल्या मुलाच्या मनात असतं: मोठ्या कॅन्सर सेंटरला पहिला नंबर दिला, त्यांनी घेतलं नाही, तर तोवर दुसऱ्या नंबरच्या प्रोग्रॅमच्या जागा भरून जातील. मग आपण ना इकडचे ना तिकडचे. त्यापेक्षा मिळण्यासारखं आहे तेच वर टाकू. मीही पहिल्यांदा यादी अशीच लावली होती. वर एक छोटा, आटोपशीर प्रोग्रॅम, कारण तिथले डिरेक्टर माझ्याशी फार आपुलकीने बोलले होते, आणि खरोखर जिथे जायचं होतं तो तिसरा.

ती भीती का खोटी आहे हे एका कागदावर दिसतं. समजा तीन उमेदवार आहेत, अदिती, समीर आणि नेहा, आणि तीन प्रोग्रॅम, क, ख आणि ग, प्रत्येकाकडे एकच जागा. अदितीची यादी क, ख, ग. समीरची ख, क, ग. नेहाची क, ख, ग. तिकडे क ला सगळ्यात आवडली नेहा, मग अदिती, मग समीर. ख ला आवडली अदिती, मग समीर, मग नेहा. ग कोणालाही घ्यायला तयार आहे.

संगणक अदितीला आधी क कडे पाठवतो. जागा रिकामी, क तिला धरून ठेवतो, पण तात्पुरतं. नुसती बोलणी झाली आहेत, साखरपुडा नाही. समीर ख कडे जातो, ख त्याला धरून ठेवतो. मग नेहा क कडे येते. क ला नेहा जास्त पसंत, म्हणून अदिती सुटते. ती आता तिच्या दुसऱ्या नंबरकडे, ख कडे जाते. तिथे समीर आधीच बसलेला आहे. पंगत असती तर गोष्ट इथेच संपली असती. पण ख च्या यादीत अदिती समीरच्या वर आहे, म्हणून ख समीरला सोडतो आणि तिला घेतो. समीर क कडे जातो, तिथे नेहा आहे, हलत नाही. मग तो ग कडे जातो. आता कुणालाच पुढे जायचं नाही, म्हणून निकाल पक्का: नेहा क, अदिती ख, समीर ग.

अदिती ख कडे उशिरा पोचली तरी तिचं काहीच बिघडलं नाही. तिने घाबरून ख ला पहिलं केलं असतं तरी तिला ख च मिळालं असतं. फरक एवढाच, की नेहाने आयत्या वेळी क यादीतून काढून टाकला असता तर घाबरलेल्या अदितीने हातात आलेला क गमावला असता आणि तिला ते कधी कळलंही नसतं. जिथे मिळणं कठीण ते वर ठेवायला काही मोल पडत नाही. खाली ढकलायला मात्र पडू शकतं. आमच्या एका सीनिअरने कॅफेटेरियात टिश्यू पेपरवर हे असंच करून दाखवलं, तेव्हा मी घरी जाऊन यादी उलटी केली.

दोन्हीकडच्या कळफलकावरची एक छोटी गोष्टही उलटी आहे, आणि तिच्यात वर्ष जाऊ शकतं. आपल्याकडे चॉइस लॉक करायला विसरलात तर मुदत संपल्यावर त्या आपोआप लॉक होतात. इथे यादी नुसती भरून चालत नाही, ती सर्टिफाय, म्हणजे अंतिम म्हणून पक्की, करावी लागते. सर्टिफाय न केलेली यादी मॅचमध्ये धरलीच जात नाही. एखादा बदल केला तर पुन्हा सर्टिफाय झालं आहे ना हे डोळ्यांनी पाहा. वॉर्डमधून घाईत फोनवर करू नका.

बांधिलकीही वेगळी. काउन्सेलिंगमध्ये फेऱ्या असतात, पहिल्या फेरीत मिळालेल्या जागेवरून पुढच्या फेरीत वर सरकता येतं, सोडायची तर नियम आणि अनामत रकमेचा प्रश्न येतो. मॅचला दुसरी फेरी नाही. यादीत नाव घालणं म्हणजेच शब्द देणं. जिथे तुम्ही कोणत्याही परिस्थितीत जाणार नाही तो प्रोग्रॅम शेवटच्या नंबरवरही घालू नका. आणि जिथे जायची तयारी आहे तो गाळू नका.

इंटरव्ह्यूनंतर येणाऱ्या गोड ईमेलांबद्दल इथेच सांगते. "तुम्ही आम्हाला फार आवडलात" असं पत्र येतं आणि मन विरघळतं. तुम्ही आम्हाला कितवा नंबर देणार, हे विचारायला प्रोग्रॅमला नियमाने बंदी आहे. स्वतःहून काही सांगायला बंदी नाही, पण त्या सांगण्याला बांधिलकीही नाही. मला असं पत्र एका ठिकाणाहून आलं होतं. त्याने माझी यादी दोन दिवस हलली, मग मी ते पत्र बाजूला ठेवलं. त्यांनी खोटं लिहिलं असं मी म्हणत नाही. पण मी तिथे तीन वर्षं कशी जगेन, हे त्या पत्रात कुठे नव्हतं.

मग यादी लावायची तरी कशावरून? आपल्याकडे चॉइस भरताना विषयही निवडायचा असतो: मेडिकल ऑन्कॉलॉजीचं डीएम वेगळं, क्लिनिकल हीमॅटॉलॉजीचं वेगळं. इथे बहुतेक प्रोग्रॅम दोन्ही मिळून तीन वर्षांचे असतात, आणि त्यात किमान अठरा महिने पूर्णवेळ पेशंट बघण्याचे. नुसती ऑन्कॉलॉजी दोन वर्षांत होते, पण तसे प्रोग्रॅम कमी. म्हणजे तुम्हाला स्तनाचा कॅन्सरच करायचा असला तरी हिमोफिलिया, सिकल सेल, रक्ताच्या गुठळ्या हेही शिकायचं आहे. विदर्भात सिकल सेल जवळून पाहिलेल्या माझ्यासारखीला ते परकं वाटलं नाही. उरलेले अठरा महिने हीच प्रोग्रॅमांमधली खरी ओळख. कुठे ते पूर्ण संशोधनाचे, प्रयोगशाळेत किंवा क्लिनिकल ट्रायलवर. कुठे ते हळूहळू पुन्हा वॉर्डनेच भरून जातात. माहितीपत्रकात दोन्हीकडे "संशोधनाला पुरेसा वेळ" असंच लिहिलेलं असतं.

खरं कळतं ते फेलोंबरोबरच्या तासात, जेव्हा प्राध्यापक व्हिडिओ कॉलवर नसतात. मी सगळीकडे एकच प्रश्न विचारला: कालची संध्याकाळ कशी गेली? एका ठिकाणचा फेलो म्हणाला, क्लिनिक सहाला संपलं, पण नऊपर्यंत मी पेशंटच्या पोर्टलवरच्या मेसेजना उत्तरं देत होतो, सीनिअर डॉक्टरांचे मेसेजही आमच्याकडेच येतात. तो तक्रार करत नव्हता, म्हणून मला ते जास्त खरं वाटलं. दुसऱ्या ठिकाणच्या फेलोने तिच्या मायलोमाच्या (रक्ताच्या एका कॅन्सरच्या) एका आजींबद्दल सांगितलं. फेलोशिपच्या पहिल्या आठवड्यापासून तीच त्यांना बघत होती, ट्रान्सप्लांटच्या आधीही आणि नंतरही, आणि काल त्यांनी लोकरीची टोपी विणून आणली होती. तिथे प्रत्येक फेलोचं स्वतःचं क्लिनिक तीन वर्षं तेच राहतं. ऑन्कॉलॉजीत एकाच माणसाबरोबर लांबवर चालणं हेच शिकायचं असतं. मी तो प्रोग्रॅम त्या रात्री दोन नंबर वर घेतला. आणि प्रत्येक इंटरव्ह्यूच्या दिवशी संध्याकाळीच चार ओळी लिहून ठेवा. दहाव्या इंटरव्ह्यूनंतर सगळे चेहरे एकमेकांत मिसळतात.

व्हिसाचा रकाना मात्र भावनेवर सोडू नका. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर साधारण सहा वर्षं मिळतात. तीन रेसिडेन्सीची आणि तीन फेलोशिपची म्हणजे ती तंतोतंत संपतात, एक महिनाही शिल्लक नाही. जे-१ या प्रशिक्षणाच्या व्हिसावर फेलोशिप सहज बसते, पण नंतर दोन वर्षं मायदेशी परतायची अट असते. नाहीतर डॉक्टर कमी असलेल्या भागात तीन वर्षं काम करून सूट मिळवायची, आणि त्या योजनेत प्रत्येक राज्याला वर्षाला फक्त तीस जागा. जोडीदार कुठे नोकरी करतो, आईबाबा किती थकलेत, हे सगळं याच रकान्यात येतं. प्रोग्रॅम कोणता व्हिसा देतो हे इंटरव्ह्यूच्या आधी कोऑर्डिनेटरला थेट विचारलं तर कुणी वाईट मानत नाही.

दोन वर्षांनी मामेभावाची रँक लागली. चांगली लागली. चॉइस भरून झाल्यावर त्याने मला यादीचा स्क्रीनशॉट पाठवला. मी फोन केला.

"पहिलं हे का?"

"गेल्या वर्षी तिथे माझ्या रँकपर्यंत आलं होतं ना ताई."

"आणि तुला खरं कुठे जायचंय?"

"टाटा. ते तिसऱ्यावर ठेवलंय, मिळायचं नाही."

मला टिश्यू पेपर आठवला. पंगत असो की स्थळं, ही एक गोष्ट दोन्हीकडे सारखीच आहे: वाढपी त्याच्यापाशी येईल तेव्हा वरून खाली वाचत येणार, आणि वरचं पान रिकामं नसेल तर त्याच क्षणी पुढचं बघणार. वर टाटा लिहिल्याने खालचं काही जात नाही. कटऑफ बघायचं ते यादी किती लांब करायची हे ठरवायला, क्रम ठरवायला नाही. हे मी त्याला दोनदा सांगितलं.

मुदत संपायला तीन तास होते. फोन चालू ठेवूनच त्याने लॅपटॉप उघडला, आणि मला कळा दाबल्याचा आवाज येत राहिला.